एवढं चित्र छापतात, तरी पोरं सिगारेट का ओढतात?

“मॅडम, पाकिटावर एवढं भयंकर चित्र असतं. सिनेमा सुरू व्हायच्या आधी तेच, मध्यंतरात पुन्हा तेच. चांगली शिकलेली पोरं ही, मग यांना दिसत कसं नाही?”

ठाण्यात नौपाड्यातल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत हे वाक्य इतक्या आईवडिलांनी म्हटलंय की त्यामागून येणारं वाक्यही मला पाठ झालंय: “आम्ही सगळं सांगून बघितलं.” ३१ मेच्या, म्हणजे जागतिक तंबाखूविरोधी दिनाच्या आसपास वर्तमानपत्रांत लेख येतात तेव्हा तर असे फोन वाढतातच. घोडबंदर रोडच्या टॉवरमधून येतात, कळव्याहून येतात, वाशी-नेरुळहून येतात. म्हणून आज एका कुटुंबाबद्दल लिहिते आहे. नावं आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. बऱ्याच भेटींमधलं मोजकंच घेतलंय, तेही त्यांना विचारून.

शुभदाताई पहिल्यांदा एकट्याच आल्या. मुलगी केतकी, वय चोवीस, ऐरोलीच्या एका कंपनीत डिजिटल मार्केटिंगमध्ये. रोज ठाण्याहून ट्रान्स-हार्बर लोकलने जाते-येते. तिच्या बॅगेत लायटर सापडला आणि घरातली शांतता गेली. फ्रिजवर कॅन्सरच्या बातम्यांची कात्रणं लागली, घरच्या ग्रुपवर काळ्या पडलेल्या फुप्फुसांचे व्हिडिओ येऊ लागले. “आणखी किती सांगायचं?” असं म्हणून त्या थांबल्या आणि मग हळू आवाजात म्हणाल्या, “मुलगा असता तर एक वेळ समजून घेतलं असतं. पण मुलगी!”

हे शेवटचं वाक्य मी वहीत लिहून ठेवलं. तेव्हा त्यावर काही बोलले नाही.

केतकी आली ती कंटाळूनच. “मला सगळं माहितीये, मॅडम. थिएटरमधल्या त्या जाहिरातीचा आवाज आमच्या ग्रुपमधला एक जण हुबेहूब काढतो,” हे तिचं पहिलं वाक्य. मी माहितीचा विषयच काढला नाही. एवढंच विचारलं, “सिगारेट हवीशी नेमकी कधी वाटते?”

“ऑफिसात चार वाजता. आणि घरी, आईचा व्हिडिओ आला की.”

“व्हिडिओ बघून?”

“हो ना. छातीत धस्स होतं. मग ‘जरा खाली जाऊन येते’ म्हणते आणि...”

आपल्याच बोलण्याचं तिला हसू आलं. मला मात्र आलं नाही, कारण आईवडिलांच्या त्या नेहमीच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथेच आहे. भीती ही भावना आहे, आणि कुठल्याही अस्वस्थ भावनेतून माणूस सुटका शोधतो. सिगारेट ओढणाऱ्याने सुटकेचा एकच रस्ता गिरवून गिरवून पक्का केलेला असतो. आपण त्याला घाबरवतो आणि तो त्याच रस्त्याने पळतो. त्यातून निकोटिन काही सेकंदांत मेंदूपर्यंत पोचतं आणि मन शांत झाल्यासारखं वाटतं. खरं तर त्यातली बरीचशी अस्वस्थता आधीची सिगारेट उतरल्यामुळेच आलेली असते. पण ओढणाऱ्याच्या खात्यात ‘सिगारेटने टेन्शन जातं’ अशीच नोंद होते.

भीती निरुपयोगी आहे असं मी म्हणत नाही. अमेरिकेत येल विद्यापीठात १९६५च्या सुमारास हॉवर्ड लेव्हेन्थल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विद्यार्थ्यांवर एक प्रयोग केला होता. धनुर्वाताबद्दलची माहिती काहींना भयानक चित्रांसकट दिली, काहींना सौम्य भाषेत. भयानक पुस्तिका वाचलेल्यांना लस घेणं जास्त महत्त्वाचं वाटलं, पण प्रत्यक्ष लस घेणारे दोन्हीकडे थोडेच निघाले, जेमतेम ३ टक्के. ज्यांना मात्र पुस्तिकेसोबत दवाखान्याचा नकाशा दिला आणि ‘आठवड्यात तुम्ही कधी जाल ते ठरवा’ असं सांगितलं, त्यांच्यातले सुमारे २८ टक्के लस घेऊन आले. दवाखाना त्याच आवारात होता आणि तो कुठे आहे हे बहुतेकांना आधीपासून ठाऊक होतं. मला हा प्रयोग फार आवडतो. घरोघरी आपण पहिली पुस्तिका पुन्हा पुन्हा वाटतो आणि नकाशा द्यायचा विसरतो.

पुढच्या भेटीला मी तिला सिगारेटचं पाकीट घेऊन यायला सांगितलं. त्यावरचं चित्र समोर ठेवून बोलावं असा माझा विचार होता. ती नुसते हात हलवत आली.

“माझ्याकडे पाकीट नसतं, मॅडम. कधीच घेतलं नाही. टपरीवाल्याकडून एक सुट्टी घेते, दोरीला लायटर लटकत असतो, पेटवली की झालं.”

“मग ते चित्र?”

“नीट असं बघितलंच नाही. असतं काहीतरी, माहितीये.”

शुभदाताईंना हे सांगितलं तेव्हा त्या बघतच राहिल्या. आपली लेक रोज ते चित्र बघून, निगरगट्टपणे सिगारेट पेटवते असं त्या धरून चालल्या होत्या. भारतात पाकिटांवर चित्रं आली ३१ मे २००९ पासून. १ एप्रिल २०१६ पासून पाकिटाच्या दोन्ही मुख्य बाजूंचा ८५ टक्के भाग इशाऱ्याने व्यापलेला असतो. हा नियम जगातल्या कडक नियमांपैकी एक आहे आणि मला त्याचा अभिमान वाटतो. पण सुट्टी सिगारेट घेणाऱ्याच्या हातात पाकीट येतच नाही. महाराष्ट्र सरकारने सप्टेंबर २०२० मध्ये सुट्ट्या सिगारेटी-बिड्यांच्या विक्रीवर बंदी घातली ती म्हणूनच महत्त्वाची होती. ती किती पाळली जाते हे कुठल्याही ऑफिसच्या गेटबाहेर पाच मिनिटं उभं राहिलं की दिसतं. नुकती सुरुवात केलेली, खिशात बेताचे पैसे असलेली मुलं सुट्टीच घेतात. म्हणजे चित्राची सगळ्यात जास्त गरज ज्यांना आहे, तेच त्यापासून सगळ्यात लांब.

एका भेटीला मी तिघांनाही बोलावलं. केतकीचे वडील, श्रीकांतराव, वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यातून निवृत्त झालेले. तेही तरुणपणी ओढायचे. केतकी लहान असताना डॉक्टरांनी दम भरल्यावर सोडली. बोलणं कमी. मी त्यांना विचारलं, “सिगारेटची एखादी जाहिरात आठवते?”

“मेड फॉर ईच अदर,” ते लगेच म्हणाले. विचार करायला एक क्षणसुद्धा घेतला नाही.

विल्स सिगारेटच्या जाहिरातीतली ती ओळ. हसरं देखणं जोडपं आणि त्यांच्यामध्ये सिगारेटचं पाकीट. शुभदाताई एकदम म्हणाल्या, “अहो, आपल्या लग्नात तुमच्या मित्रांनी दिलेल्या कार्डावर हेच नव्हतं का लिहिलेलं?”

केतकी दोघांकडे आळीपाळीने बघत राहिली. “म्हणजे सिगारेटची जाहिरात तुमच्या लग्नाला आली होती?”

आम्ही सगळेच हसलो, पण तिने अचूक बोट ठेवलं होतं. ती ओळ सिगारेटबद्दल काहीच बोलत नाही. तंबाखू कसा आहे, धूर कसा लागतो, एक शब्द नाही. ती प्रेमाबद्दल बोलते. १९९६चा क्रिकेट विश्वचषक विल्सच्या नावाने झाला आणि आपल्या संघाच्या अंगावरही तेच नाव होतं. श्रीकांतरावांच्या पिढीला क्रिकेट, प्रेम, मर्दपणा, ऐट हे सगळं सिगारेटच्या पाकिटावर छापून मिळालं. २००३चा तंबाखूविरोधी कायदा आला आणि १ मे २००४ पासून अशा जाहिरातींवर बंदी आली. श्रीकांतरावांनी सिगारेटही सोडली आणि जाहिरातही बंद झाली. ओळ मात्र अजून जिभेवर होती.

केतकी म्हणाली, “पण माझ्यावर याचा काय परिणाम होणार? मी जन्मात सिगारेटची जाहिरात पाहिलेली नाही.”

“बरं,” मी म्हटलं. “पहिली सिगारेट ओढलीस तेव्हा स्वतःबद्दल काय वाटलं होतं?”

ती बराच वेळ गप्प होती. आईवडिलांसमोर बोलावं की नाही हे ठरवत असावी. मग म्हणाली, “मोकळं वाटलं. त्या दहा मिनिटांत मी कुणाची मुलगी नव्हते. कुणाला विचारायचं नव्हतं. मुलं ओढतात तर मी का नाही?”

“आणि सिगारेट हातात असलेली बाई म्हणजे मोकळी बाई, हे तुला कुणी सांगितलं?”

“कुणीच नाही. मला वाटतं असं.”

“वाटतं ते आलं कुठून, एवढं शोधून आण. तुझ्याच धंद्यातला प्रश्न आहे.”

मी उत्तर दिलं नाही. उत्तर मला माहीत होतं, पण काही उत्तरं माणसाने स्वतःच्या हाताने उचलली तरच त्याची होतात, असं मी मानते.

दोन आठवड्यांनी केतकी आली ती दारातूनच बोलत. “मॅडम, १९२९! तुम्हाला माहीत होतं ना?” मग तिने मला सगळी हकीकत सांगितली आणि मी पहिल्यांदाच ऐकत असल्यासारखी ऐकली. ३१ मार्च १९२९, ईस्टरचा रविवार. न्यूयॉर्कच्या फिफ्थ अव्हेन्यूवर सजूनधजून फिरणाऱ्या गर्दीत काही तरुणींनी सिगारेटी पेटवल्या. बायकांनी चारचौघांत सिगारेट ओढणं तेव्हा तिथेही लाजिरवाणं मानलं जाई. पत्रकारांना आगाऊ खबर होती. ‘स्वातंत्र्याच्या मशाली’ म्हणून त्या सिगारेटी वर्तमानपत्रांत झळकल्या. लोकांना वाटलं, बायकांनी आपणहून केलेलं बंड. प्रत्यक्षात ते घडवून आणलं होतं एडवर्ड बर्नेज या जनसंपर्कतज्ज्ञाने, आणि पैसे होते लकी स्ट्राइक बनवणाऱ्या अमेरिकन टोबॅको कंपनीचे. बर्नेज सिग्मंड फ्रॉइडचा भाचा. मशालीची कल्पना त्याला ए. ए. ब्रिल या मनोविश्लेषकाने पुरवली होती. अमेरिकेतल्या बायकांना देशभर मताचा हक्क मिळून तेव्हा दहा वर्षंही झाली नव्हती. स्वातंत्र्याची ती खरी, कष्टाने मिळवलेली ओढ कुणीतरी हेरली आणि तिला सिगारेट जोडून टाकली.

“आणि मार्लबोरो बघा,” ती थांबायला तयार नव्हती. “आधी बायकांची नाजूक सिगारेट म्हणून विकायचे. मग १९५०च्या दशकात काउबॉय आणला आणि तीच पुरुषांची झाली. आत तंबाखूच!”

मग तिचा आवाज खाली आला.

“मॅडम, मी रोज हेच करते. माल कसा आहे ते सांगायचं नाही, तो घेतल्यावर आपण कोण होऊ ते दाखवायचं. आणि घेणाऱ्याला वाटलं पाहिजे की हे त्याचं त्यालाच सुचलं. मला वाटत होतं की मी टेबलाच्या विकणाऱ्या बाजूला बसलेय.” जरा थांबून म्हणाली, “मी टार्गेट ऑडियन्स होते.”

इतकी वर्षं या कामात आहे, तरी असा क्षण समोर घडला की मी आजही थरारते. इतके महिने ती आईवर चिडलेली होती. त्या दिवशी तिचा राग पहिल्यांदा योग्य पत्त्यावर गेला. मी विवेकनिष्ठ विचारपद्धतीने काम करते. घटनेने माणूस वाहवत नाही, घटनेला तो जो अर्थ देतो त्याने वाहवतो, यावर माझा पूर्ण विश्वास आहे. केतकीच्या बाबतीत सिगारेट ही घटना आणि ‘मी मोकळी आहे’ हा अर्थ. तो अर्थ आपला नाही, जवळपास शंभर वर्षांपूर्वी बांधून दिलेला आहे, हे तिला दिसलं आणि त्याची पकड सैल झाली. तरुणांना फुप्फुसाचं चित्र लांबचं वाटतं, पन्नाशीतलं वाटतं. ‘तुला कुणीतरी वापरतंय’ हे मात्र आजचं असतं. अमेरिकेत २००० साली सुरू झालेल्या ‘ट्रुथ’ या युवकांसाठीच्या मोहिमेने हीच नस धरली होती. आजारांचे धडे कमी केले आणि तंबाखू कंपन्या तरुणांना कसं गळाला लावतात ते उघडं पाडलं. तिथल्या किशोरांमधलं धूम्रपान कमी होण्यात या मोहिमेचा वाटा असल्याचं अभ्यासांत दिसलं आहे.

आता वहीत लिहून ठेवलेल्या त्या वाक्याची वेळ आली होती. शुभदाताईंना मी एकट्यांनाच बोलावलं. “तुम्ही म्हणाला होतात, मुलगा असता तर समजून घेतलं असतं. बर्नेजचा सगळा डाव याच वाक्यावर उभा होता. बायकांना मनाई नसती तर मशाल कसली आणि मिरवणूक कसली?” मुलीच्या जातीने ओढायची नाही असं घर म्हणतं, तेव्हा घरच सिगारेटची किंमत वाढवतं. त्या क्षणापुरता तो धूर राहत नाही, हक्क होतो. आणि हक्कासाठी माणूस खोकला सहन करतो.

त्या दुखावल्या असाव्यात. त्यांचे डोळे भरले, पण त्या उठून गेल्या नाहीत. बऱ्याच वेळाने म्हणाल्या, “हे ओढायचे तेव्हा ॲशट्रे मीच धुऊन ठेवायचे. कधी एका शब्दाने बोलले नाही.”

तेच त्या घरी जाऊन लेकीला म्हणाल्या. “तू मुलगी आहेस म्हणून नाही ग. बाबांनाही तेव्हाच सांगायला हवं होतं, नाही सांगितलं.” हे मला केतकीने सांगितलं. फ्रिजवरची कात्रणं त्याच रात्री निघाली. माझ्या मते या घरातलं सगळ्यात मोठं काम शुभदाताईंनी केलं, आणि हे मी त्यांना तोंडावर सांगितलं आहे.

एवढ्याने सिगारेट सुटली नाही. चार वाजता टपरी होतीच. त्या टपरीवर केतकीला आणखीही बरंच मिळत होतं: स्क्रीनसमोरून उठायची मुभा, टीम लीडशी मोकळं बोलणं, कामाच्या आतल्या बातम्या. न ओढणाऱ्याला ब्रेक मागावा लागतो, ओढणाऱ्याला तो आपोआप मिळतो, हे मी आयटी पार्कमधल्या कितीतरी मुलांकडून ऐकलंय. तिच्या मनात पक्कं बसलं होतं, “हातात सिगारेट नसेल तर मी तिथे परकी.” मी म्हटलं, तपासून बघ. सगळ्यांबरोबर जायचं, कटिंग घ्यायचा, सिगारेट घ्यायची नाही. काय होतं ते येऊन सांग.

“कुणाच्या लक्षातच आलं नाही!” ती जवळजवळ रागावूनच म्हणाली. बऱ्याच दिवसांनी एकाने “सोडलीस काय?” विचारलं, हिने “हो” म्हटलं, आणि बोलणं पुन्हा क्लायंटवर गेलं. ज्या गोष्टीला ती वर्षभर घाबरत होती ती एवढीशीच निघाली.

शरीराचीही बाजू सांभाळली. पहिला आठवडा चिडचिड, अस्वस्थता, लक्ष न लागणं हे होणारच, ते तिला आणि घरच्यांना आधीच सांगितलं. तलफ आली की काही मिनिटांत ओसरते, तेवढी मिनिटं काय करायचं ते आधीच ठरवलं. निकोटिन गमबद्दल तिच्या डॉक्टरांशी बोलायला सांगितलं. आणि १८००-११-२३५६ हा राष्ट्रीय क्विटलाइनचा, म्हणजे तंबाखू सोडायला मदत करणाऱ्या फोनसेवेचा नंबर दिला. हा टोलफ्री नंबर २०१८ पासून पाकिटावरच छापलेला असतो. माझ्या दृष्टीने पाकिटावरची सगळ्यात मोलाची गोष्ट तीच, कारण भीतीशेजारी दवाखान्याचा नकाशा म्हणतात तो हाच. आणि सुट्टी घेणाऱ्याला तोही दिसत नाही.

मोहिमांचा उपयोग होत नाही, असं कुणी म्हणालं तर मी वाद घालते. २००९-१० आणि २०१६-१७ या दोन राष्ट्रीय पाहण्यांच्या मधल्या काळात तंबाखू वापरणाऱ्या प्रौढांचं प्रमाण देशात ३४.६ टक्क्यांवरून २८.६ टक्क्यांवर आलं, आणि १५ ते २४ वयोगटात १८.४ वरून १२.४ वर. दुसऱ्या पाहणीत सिगारेट ओढणाऱ्यांपैकी ६१.९ टक्के जणांनी पाकिटावरच्या इशाऱ्यामुळे सोडायचा विचार मनात आल्याचं सांगितलं. सिनेमातल्या दृश्याखाली येणारी इशाऱ्याची ओळ २०१२ पासून आहे, १ सप्टेंबर २०२३ पासून ओटीटीवरही आली. हे सगळं राहिलंच पाहिजे. फक्त ‘विचार आला’ तिथपासून ‘सोडली’ इथपर्यंतचं अंतर पाकीट पार करून देत नाही. तिथे माणूस लागतो.

म्हणून तुमच्या मुलाच्या किंवा मुलीच्या खिशात लायटर सापडला तर चित्रं पाठवू नका. ती त्यांनी पाहिली आहेत, किंवा केतकीसारखी पाहिलेलीच नाहीत. आधी विचारा, कधी ओढावीशी वाटते, कुणाबरोबर, आणि त्या वेळी त्यातून काय मिळतं. उत्तर ऐकताना मध्ये बोलू नका, हे फार अवघड आहे, पण जमतं. घरातलं कुणी ओढत असेल तर नियम सगळ्यांना एकच ठेवा. व्हेप, म्हणजे ई-सिगारेट तरी बरी ना, असं पालक हल्ली विचारतात. नाही. ई-सिगारेटच्या विक्रीवरच काय, जाहिरातीवरही २०१९ पासून देशात बंदी आहे, आणि बहुतेकींत तेच निकोटिन असतं. मुलांना रील्समध्ये ती फळांच्या वासाची, रंगीत, मजेदार वस्तू म्हणून दिसते. तेव्हा ‘हे तुला कोण विकतंय?’ हा प्रश्न तिथेही विचारा, आणि मुलांनाच उत्तर शोधू द्या. ती आपल्यापेक्षा लवकर शोधतात.

मध्यंतरी ऑफिसच्या लोणावळ्याच्या ट्रिपमध्ये केतकीने एक सिगारेट ओढली आणि घरी येऊन सांगितलं. शुभदाताईंनी विचारलं, “त्याआधी काय झालं होतं?” अप्रेझल झालं होतं, मनासारखं नाही. मायलेकी रात्री उशिरापर्यंत त्यावर बोलत बसल्या. केतकी अजून अधूनमधून येते. सध्या नोकरी बदलावी का, याचा आम्ही विचार करतोय.